सायप्रस पॉइंटची पैज: चार खेळाडू, दोन धनिक आणि एका होलचा फरक

पैज लावणारे दोघे होते आणि खेळणारे चौघे. हे सुरुवातीलाच सांगतो, कारण या प्रकरणात पुढे जे काही घडलं त्याचं मूळ या वाटणीत आहे.

जानेवारी १९५६. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचं माँटेरे द्वीपकल्प. गायक आणि अभिनेता बिंग क्रॉस्बी याची वार्षिक गोल्फ स्पर्धा त्याच आठवड्यात होती. एक व्यावसायिक आणि एक हौशी अशी जोडी करून खेळायची, अशी त्या स्पर्धेची रीत. त्यामुळे देशातले नामांकित खेळाडू आणि त्यांचे पैसेवाले दोस्त एकाच गावात उतरलेले, संध्याकाळी एकमेकांकडे जेवणं चाललेली. अशाच एका बैठकीत एडी लॉवरी यांनी बोलता बोलता एक दावा ठोकला. माझ्याकडे जी दोन पोरं आहेत त्यांना जगातली कुठलीही जोडी हरवू शकणार नाही. हौशी तर सोडाच, व्यावसायिकसुद्धा नाही.

लॉवरी हे सॅन फ्रान्सिस्कोतले मोटारींचे बडे विक्रेते. त्यांची ‘पोरं’ म्हणजे त्यांच्याच शोरूममध्ये गाड्या विकणारे दोन हौशी गोल्फपटू, केन व्हेंचुरी आणि हार्वी वॉर्ड. व्हेंचुरी २४ वर्षांचा, नुकताच लष्करातली सेवा संपवून आलेला. वॉर्ड ३० वर्षांचा, १९५२ मध्ये ब्रिटिश हौशी विजेतेपद आणि १९५५ मध्ये अमेरिकी हौशी विजेतेपद मिळवलेला. म्हणजे दावा अगदीच हवेतला नव्हता.

समोर बसले होते जॉर्ज कोलमन, तेलाच्या धंद्यात बक्कळ कमावलेले गृहस्थ. कुठलीही जोडी म्हणजे खरंच कुठलीही का, हे त्यांनी लॉवरींकडून पक्कं करून घेतलं. हजारो डॉलरची पैज लागली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सायप्रस पॉइंट क्लबच्या पहिल्या टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, कोलमन जी जोडी घेऊन आले ती होती बेन हॉगन आणि बायरन नेल्सन यांची.

गोल्फ न पाहिलेल्या वाचकासाठी सांगायचं तर, गल्लीतल्या दोन चांगल्या पोरांवर कुणी पैज लावावी आणि समोरच्याने गावसकर आणि विश्वनाथ यांना पॅड बांधून उभं करावं, तसं हे झालं. हॉगनने १९५३ मध्ये मास्टर्स, अमेरिकी ओपन आणि ब्रिटिश ओपन या तिन्ही स्पर्धा एकाच वर्षात जिंकल्या होत्या. नेल्सनने १९४५ मध्ये एका हंगामात १८ स्पर्धा जिंकल्या, त्यातल्या ११ सलग. तो विक्रम आजही कुणाला मोडता आलेला नाही.

लॉवरी एवढे ठाम का होते

हा प्रश्न मला या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. श्रीमंतीचा माज, चार पेगांनंतरची फुशारकी असं म्हणून तो उडवून लावता येतो. पण लॉवरींचं बालपण माहीत असलं की तसं म्हणवत नाही.

१९१३ साली बॉस्टनजवळ ब्रुकलाइन इथे अमेरिकी ओपन झाली. व्हार्डन आणि रे हे त्या काळातले सर्वांत मोठे ब्रिटिश व्यावसायिक खेळाडू तिथे आले होते. त्यांच्याशी बरोबरी करून प्लेऑफमध्ये शिरला फ्रान्सिस विमेट नावाचा वीस वर्षांचा एक हौशी मुलगा. त्याचं घर मैदानासमोरच्या रस्त्यापलीकडे होतं आणि लहानपणी त्याने याच मैदानावर कॅडी म्हणून बॅगा वाहिल्या होत्या. प्लेऑफमध्ये विमेटने ७२ फटके घेतले, व्हार्डनने ७७, रेने ७८. अमेरिकेत गोल्फ साध्या माणसाच्या घरात शिरलं ते त्या दिवशी, असं मानतात. आणि त्या दिवशी विमेटची बॅग ज्याच्या खांद्यावर होती तो दहा वर्षांचा मुलगा, या स्पर्धेसाठी शाळा बुडवलेला, म्हणजे हाच एडी लॉवरी.

जगातल्या दोन सर्वोत्तम व्यावसायिकांना एका हौशी पोराने हरवलेलं त्याने दोन पावलांवरून पाहिलं होतं. त्यानंतर त्रेचाळीस वर्षांनी तो मेजवानीत म्हणतो की माझी हौशी पोरं कुणालाही हरवतील. मला यात फुशारकीपेक्षा श्रद्धा जास्त दिसते. आणि श्रद्धेवर लावलेली पैज मागे घेणं माणसाला फार जड जातं. कोलमन यांनी हॉगनचं नाव काढलं तेव्हा लॉवरींना हसण्यावारी न्यायची मुभा होती. त्यांनी ती घेतली नाही.

कोण कुणाचा

कागदावर दोन संघ दिसतात. नात्यांच्या बाजूने पाहिलं तर सगळा गुंता आहे.

व्हेंचुरी हा नेल्सनचा शिष्य. लॉवरींनीच दोघांची गाठ घालून दिली होती आणि पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीपासून नेल्सन त्याचा खेळ घडवत होता. आखाड्यात पठ्ठ्याने वस्तादाशीच कुस्ती धरावी तसा हा प्रसंग. इतकंच नव्हे, १९५५ च्या क्रॉस्बी स्पर्धेत जोडीचं विजेतेपद मिळवणारे दोघे म्हणजे नेल्सन आणि लॉवरी. वर्षभरापूर्वी ज्याच्याबरोबर जिंकले त्याच नेल्सनच्या विरोधात लॉवरींचे पैसे लागले होते.

हॉगन आणि नेल्सन या दोघांचं आपसातलं नातंही सरळ नव्हतं. दोघे १९१२ साली जन्मलेले, दोघे टेक्सासमधल्या फोर्ट वर्थचे, दोघे ग्लेन गार्डन या एकाच क्लबात कॅडी. १९२७ च्या नाताळात क्लबने कॅडी पोरांची स्पर्धा ठेवली. दोघांची बरोबरी झाली आणि प्लेऑफमध्ये नेल्सन एका फटक्याने जिंकला. १९४२ च्या मास्टर्समध्ये पुन्हा दोघांत प्लेऑफ झाला, पुन्हा नेल्सन एका फटक्याने जिंकला, ६९ विरुद्ध ७०. असे दोन सल मनात असलेला माणूस त्या सकाळी त्याच नेल्सनचा जोडीदार म्हणून उभा होता.

शरीराचंही सांगायला हवं. १९४९ च्या फेब्रुवारीत हॉगनची गाडी समोरून येणाऱ्या बसवर आदळली होती. तो पुन्हा चालेल की नाही इथपासून शंका होती. त्यानंतर प्रत्येक फेरीआधी पायांना घट्ट पट्ट्या गुंडाळायच्या आणि मग खेळायचं, हा त्याचा नेम झाला. नेल्सनने तर १९४६ मध्येच नियमित स्पर्धा सोडल्या आणि टेक्सासमध्ये गुरंढोरं पाळायला लागला. अधूनमधून खेळायचा एवढंच. त्या अधूनमधूनमध्ये १९५१ ची क्रॉस्बी आणि १९५५ ची फ्रेंच ओपन त्याने जिंकली, हा भाग निराळा. तरी वय बघता चाळिशी ओलांडलेले दोन दिग्गज आणि भर तारुण्यातले दोन हौशी, असा तो सामना होता. लॉवरींच्या दाव्याला इथेही आधार होता.

पैजेच्या अटी

अटी थोडक्यात होत्या आणि त्यामुळेच नंतर वाद झाला नाही. कुणाला सवलतीचे फटके नाहीत, चौघेही सारख्याच पातळीवर. खेळायची पद्धत मॅच प्ले, बेस्ट बॉल. मैदान अठरा होलचं, म्हणजे चेंडू खड्ड्यात घालून संपणारे अठरा टप्पे. प्रत्येकाने आपापला चेंडू खेळायचा, जोडीतल्या ज्याचे फटके कमी तो त्या होलचा जोडीचा गुण. ज्या जोडीचा गुण कमी ती तो होल जिंकते. अठरा होलनंतर ज्याने जास्त होल जिंकले त्याची सरशी.

या पद्धतीत एक गंमत आहे. जोडीदाराचा चेंडू ग्रीनवर, म्हणजे खड्ड्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, सुखरूप पडला की दुसऱ्याला बिनधास्त हात मोकळा सोडता येतो. फसलं तरी होल हातचा जात नाही. त्यामुळे बेस्ट बॉलमध्ये गुण नेहमीच्या फेरीपेक्षा खूप खाली जातात. आम्ही चौघं मित्र रविवारी सकाळी मिसळीच्या पैजेवर असंच खेळतो, आणि ज्या होलला जोडीदार आधीच ग्रीनवर असतो त्या होलला माझ्यासारख्याचाही फटका एरवीपेक्षा सरळ जातो. मग ज्यांच्या हातात कला होती त्यांचं काय झालं असेल?

मैदानही तसंच निवडलेलं. सायप्रस पॉइंट १९२८ मध्ये खुलं झालं. आखणारा अॅलिस्टर मॅकेन्झी, ज्याने पुढे नामांकित खेळाडू बॉबी जोन्सबरोबर ऑगस्टा नॅशनल, म्हणजे मास्टर्स स्पर्धेचं मैदान, आखलं. पाइनच्या राईतून वाट निघते, वाळूच्या टेकड्यांतून जाते आणि शेवटी थेट पॅसिफिकच्या कड्यावर येते. पंधरावा आणि सोळावा असे दोन पार तीनचे होल एकापाठोपाठ आहेत; पार म्हणजे चांगल्या खेळाडूला त्या होलला लागावेत असे ठरवलेले फटके. सोळाव्याला टीपासून ग्रीनपर्यंत सुमारे २३० यार्ड, आणि मध्ये जमीन नाही, समुद्र आहे. खाली लाटा खडकावर फुटत असतात आणि हातात लाकडी डोक्याची क्लब घेऊन माणूस वाऱ्याचा अंदाज बांधत उभा असतो.

दहावा होल

तिथे वार्ताहरांचा ताफा नव्हता, कॅमेरा नव्हता. खेळणाऱ्यांनी, विशेषतः व्हेंचुरीने पुढे आयुष्यभर सांगितलं ते आणि गुणपत्रिकेचे आकडे, एवढ्यावर हा सामना उभा आहे. बातमी मात्र कशी कोण जाणे फुटली आणि फेरी पुढे सरकत गेली तशी पाहणाऱ्यांची गर्दी वाढत गेली.

कलाटणी मिळाली दहाव्याला. पार पाचचा होल. हॉगनचे दोन फटके झाले होते आणि झेंडा साधारण ८० यार्डांवर होता. हे अंतर फसवं असतं. पूर्ण ताकदीचा फटका लांब जातो, अर्धा फटका हातात धरून ठेवावा लागतो, आणि अर्ध्या फटक्यातच मनगट दगा देतं. हॉगनने वेज, म्हणजे चेंडू उंच उडवणारी क्लब, काढली. चेंडू ग्रीनवर पडला आणि सरळ होलात गेला. पार पाचच्या होलला तीन फटके. ईगल.

होल व्यावसायिकांच्या खात्यात गेला आणि ती एका होलची आघाडी शेवटपर्यंत राहिली. शेवटपर्यंत राहिली हे लिहायला सोपं आहे. पुढचे आठ होल ती टिकवायला काय करावं लागलं ते अठराव्यावर कळतं. तिथे व्हेंचुरीने बर्डीचा (पारपेक्षा एक फटका कमी) पट, म्हणजे ग्रीनवरचा चेंडू घरंगळवणारा फटका, घातला. हॉगनला आता तेवढ्याच फटक्यांत होल पुरा करणं भाग होतं, नाही तर सामना बरोबरीत सुटणार. काही फुटांचा पट. आदल्या जूनमध्ये याच भागात, सॅन फ्रान्सिस्कोच्या ऑलिम्पिक क्लबवर, जॅक फ्लेक नावाच्या अनोळखी खेळाडूने प्लेऑफमध्ये हरवून त्याच्या हातची अमेरिकी ओपन काढून नेली होती. त्यात पटिंग हा त्याचा उतारवयातला दुखरा भाग, चेंडूवर उभा राहिला की हात हलेनात. त्या दिवशी हात हलले. चेंडू आत गेला. हॉगन आणि नेल्सन एका होलने जिंकले.

गुणपत्रिका काय सांगते

आता मी थोडा हिशेब मांडतो, कारण या सामन्याबद्दल जे बोललं जातं त्यात हॉगनचाच गजर जास्त होतो. वैयक्तिक गुण असे: हॉगन ६३, व्हेंचुरी ६५, नेल्सन ६७, वॉर्ड ६७. मैदानाचा पार ७२. जोडीचे बेस्ट बॉल गुण ५७ आणि ५८. दोन्ही जोड्यांच्या मिळून २७ बर्डी आणि १ ईगल.

व्यावसायिक जोडी पारच्या १५ खाली, हौशी जोडी १४ खाली. मिळून २९. सत्तावीस बर्डींचे सत्तावीस, ईगलचे दोन, बेरीज जुळते. याचा अर्थ व्हेंचुरी आणि वॉर्ड यांनी अठरांपैकी चौदा होलला बर्डी केली आणि तरी हरले. हॉगन-नेल्सन यांनीही चौदाच होलला पारपेक्षा कमी फटके घेतले. दोन्ही जोड्यांनी पारवर सोडलेले होल प्रत्येकी चार. सगळा सामना संपल्यावर फरक उरतो तो एका फटक्याचा, आणि ईगल बर्डीपेक्षा नेमका तेवढ्याने सरस असतो.

आणखी एक वजाबाकी करू. हॉगनचे ६३, जोडीचे ५७. म्हणजे सहा फटके नेल्सनने वाचवले. व्हेंचुरीचे ६५, जोडीचे ५८. म्हणजे सात फटके वॉर्डने वाचवले. ज्या दोघांचे वैयक्तिक गुण ६७ म्हणून यादीत शेवटी छापले जातात, त्यांच्याशिवाय हा सामना इतका चुरशीचा झालाच नसता. नेल्सनला नियमित स्पर्धा सोडून दहा वर्षं झाली होती, वॉर्ड तर गाड्या विकून पोट भरत होता. जोडीदार जिथे कमी पडला नेमक्या त्या होलला हे दोघे उभे राहिले. जोडीचा खेळ म्हणजे काय हे मला कुणी विचारलं तर मी हे सहा आणि सात दाखवतो.

आता लॉवरींच्या दाव्याकडे वळू. पैज ते हरले, पैसे गेले. दावा खोटा ठरला का? शब्दशः बघितलं तर ठरला. पण आपल्या काळातल्या दोन सर्वश्रेष्ठ व्यावसायिकांना ५७ मारायला लावणारी हौशी जोडी मला तरी दुसरी माहीत नाही. त्या पातळीवर हौशी आणि व्यावसायिक ही रेघ गवतावर दिसतच नव्हती. रेघ होती ती नियमांच्या पुस्तकात.

मैत्री का टिकली, याचंही उत्तर इथेच आहे असं मला वाटतं. खेळणाऱ्यांपैकी कुणाच्या घरातला पैसा पणाला लागला नव्हता. पणाला होती ती इज्जत, आणि चौघांनी एवढा सुंदर खेळ केला की इज्जत कुणाचीच गेली नाही. वस्ताद-पठ्ठा आणि मालक-जोडीदार अशी नाती दोन्ही बाजूंना विणलेली असल्याने हरलेल्याला जिंकलेल्याशी तोंड फिरवणंही शक्य नव्हतं. नेल्सन आणि व्हेंचुरी यांचं नातं पुढे पन्नास वर्षं, नेल्सनच्या मृत्यूपर्यंत टिकलं.

नंतर आलेलं बिल

पैजेनंतर तीन महिन्यांनी व्हेंचुरी ऑगस्टा नॅशनलवर मास्टर्स खेळला, हौशी म्हणूनच. तीन फेऱ्यांनंतर चार फटक्यांनी पुढे होता. शेवटच्या दिवशी वारा सुटला, त्याला ८० फटके लागले आणि जॅक बर्क एका फटक्याने जिंकला. वर्ष संपता संपता व्हेंचुरी व्यावसायिक झाला. १९६४ मध्ये वॉशिंग्टनजवळच्या काँग्रेशनल क्लबवर, उन्हाने अक्षरशः कोसळायची वेळ आलेली असताना, त्याने अमेरिकी ओपन जिंकली. त्याची गोष्ट पुरी झाली.

वॉर्डची तशी झाली नाही. १९५६ मध्ये त्याने अमेरिकी हौशी विजेतेपद पुन्हा जिंकलं, सलग दुसऱ्यांदा. पण कॅलिफोर्नियात लॉवरींच्या करभरण्याची चौकशी सुरू झाली आणि तिथे उघड झालं की वॉर्डच्या स्पर्धांचा प्रवासखर्च लॉवरींनी दिला होता आणि तो धंद्याचा खर्च म्हणून दाखवला होता. हौशी खेळाडूने स्पर्धेचा खर्च दुसऱ्याकडून घ्यायचा नाही, असा नियम. १९५७ मध्ये अमेरिकी गोल्फ संघटनेने वॉर्डचा हौशी दर्जा काढून घेतला. लॉवरी स्वतः त्या संघटनेच्या कार्यकारिणीवर राहिलेले. मालकच नियम जाणणाऱ्यांतला आहे म्हटल्यावर नोकरीतल्या माणसाने शंका घ्यायची कशी?

सायप्रस पॉइंटच्या पैजेमुळे हे झालं असं मी म्हणणार नाही, चौकशीचं कारण वेगळं होतं. पण ‘माझी पोरं’ हे जे लॉवरी त्या रात्री बोलले, त्याच शब्दांत पुढचं सगळं भरलेलं होतं. त्यांना नोकरी द्यायची, खेळायला सुट्टी द्यायची, प्रवासाचे पैसे द्यायचे, आणि मग त्यांच्या नावाने दावा ठोकायचा. मला लॉवरींचा राग येत नाही. त्यांचा हात सढळ होता आणि पोरांवर त्यांची माया होती. तरी वॉर्डच्या बाजूने मनात कालवाकालव होते.

यात अधिक बोचणारी गोष्ट अशी की लॉवरींना हे सगळं नवीन नव्हतं. ज्या विमेटची बॅग त्यांनी लहानपणी वाहिली, त्याचाही हौशी दर्जा याच संघटनेने १९१६ मध्ये काढून घेतला होता. कारण काय, तर त्याने खेळाच्या साहित्याचं दुकान काढलं. पहिल्या महायुद्धात तो सैन्यात गेला आणि १९१८ मध्ये दर्जा परत मिळाला. त्याच रेघेवर, चाळीस वर्षांनी, लॉवरींच्या स्वतःच्या हातून वॉर्ड अडकला.

वॉर्डला दर्जा १९५८ मध्ये परत मिळाला आणि १९५९ च्या वॉकर कप संघातही (अमेरिका विरुद्ध ब्रिटन-आयर्लंड अशी हौशी खेळाडूंची स्पर्धा) तो होता. पण १९५७ च्या अमेरिकी हौशी स्पर्धेत विजेता म्हणून उतरायची वेळ आली तेव्हा त्याला मैदानात पाऊल टाकता आलं नाही. ते विजेतेपद सलग तीनदा तोवर कुणीही मिळवलं नव्हतं. पहिल्यांदा ते जमलं टायगर वूड्सला, १९९६ मध्ये.